जुन्नर ते बीदर : घोड्याची वाट आणि रुळांची वाट

(मंचर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मागच्या व्याख्यानानंतर चहाच्या वेळी एका श्रोत्याने आम्हाला विचारले, "सर, दख्खनच्या सुलतानांची शहरे रेल्वेने फिरून बघायची झाली, तर सुरुवात कुठून करावी?" आम्ही म्हणालो, "जुन्नरपासून." आजूबाजूचे सगळे हसले. हसणारच. जुन्नरला रेल्वे कुठे आहे? जुन्नर तालुक्यात नाही आणि आपल्या आंबेगाव तालुक्यातही नाही. आपल्याकडच्या माणसाला आगगाडीत बसायचे तर आधी एसटीने पुण्याला जावे लागते.

पण उत्तर आम्ही गंमत म्हणून दिले नव्हते. दख्खनच्या शहरांमधल्या प्रवासाचे जे जुने लिखाण आपल्या हाती आहे, त्यात जुन्नर ठळकपणे येते, आणि ते लिहिणारा होता एक रशियन व्यापारी. आज त्याच्या वाटेने आपण रेल्वेने जाऊन बघू. वाट कुठे जुळते, कुठे तुटते आणि का तुटते, एवढेच आजचे काम. वरवर हा विषय भूगोलाचा वाटेल. आमचा धंदा तत्त्वज्ञान शिकवण्याचा, त्यामुळे शेवटी एक प्रश्न आम्ही विचारणारच. तो आत्ताच सांगून ठेवतो: रस्ता कोणासाठी असतो?

तर त्या व्यापाऱ्याचे नाव अफनासी निकितीन. रशियातल्या त्वेर शहराचा. इसवी सन १४७० च्या आसपास तो होर्मुझहून जहाजाने निघाला, गुजरातच्या किनाऱ्याने चौलला उतरला. चौल म्हणजे आपल्या अलिबागजवळचे, रेवदंड्याला लागून असलेले. त्याच्याबरोबर एक घोडा होता. त्या काळी दख्खनमध्ये चांगली घोड्यांची पैदास होत नसे, अरबस्तान-इराणकडून समुद्रमार्गे घोडे येत आणि सोन्याच्या भावाने विकले जात. निकितीनने ऐकले होते की हिंदुस्थानात घोडा विकला की माणूस श्रीमंत होतो. वास्को द गामा कालिकतला पोचला १४९८ साली. म्हणजे हा माणूस त्याच्या पंचवीस-तीस वर्षे आधी आपल्या घाटावर आला होता.

चौलहून पाली, पालीहून पुढे घाट चढून जुन्नर. अंतर तो मैलांत देत नाही, दिवसांत देतो. चौल ते पाली आठ दिवस, पुढचा टप्पा दहा दिवसांचा, त्यानंतर जुन्नरपर्यंत सहा. जुन्नरला पोचला तो ऐन पावसाळ्यात. चार महिने सगळीकडे पाणी आणि चिखल, असे त्याने लिहिले आहे. आषाढात भीमाशंकरच्या खालच्या गावांत जे राहिलेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. घोड्यांना वाटाणे आणि खिचडी चारतात, याचेही त्याला नवल वाटले.

जुन्नर तेव्हा बहमनी राज्यात होते. इथल्या खानाने निकितीनचा घोडा काढून घेतला. का? तर हा मुसलमान नाही, रशियन आहे, असे कळले म्हणून. खान म्हणाला, आमचा धर्म घे, घोडाही देतो आणि वर हजार सोन्याची नाणी देतो. नाही घेतलास तर घोडा जाईलच, शिवाय हजार नाणी तुझ्याकडून वसूल करीन. मुदत दिली चार दिवसांची.

आता विचार करा. परका देश, भाषा येत नाही, बाहेर धो-धो पाऊस, सगळे भांडवल त्या एका घोड्यात अडकलेले. चार दिवस त्याने कसे काढले असतील? अखेर खोरासानचा एक मुसलमान गृहस्थ, ख्वाजा मुहम्मद, मध्ये पडला. त्याने खानाकडे रदबदली केली, घोडा परत मिळाला आणि धर्मही वाचला. हे सगळे आपल्या जुन्नरमध्ये घडले. धर्मासाठी त्याला अडवणारा मुसलमान होता आणि त्यातून सोडवणाराही मुसलमान होता. ही गोष्ट सांगताना यातले एकच अर्धे सांगायचा मोह होतो. कोण कुठले अर्धे सांगतो, त्यावरून सांगणाऱ्याची ओळख पटते.

इथे थोडे थांबू आणि 'इस्लामी शहर' हा शब्द तपासून घेऊ, कारण तो आपण सहज वापरतो. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक कोरीव लेणी आहेत, मुख्यतः बौद्ध. नाणेघाटात सातवाहनांचा शिलालेख आहे. १४९० साली मलिक अहमदने बहमनींपासून फुटून निजामशाही उभी केली ती जुन्नरमधून. अहमदनगर त्याने नंतर वसवले. या घराण्याचा मूळ पुरुष पाथरीच्या ब्राह्मण कुळातला होता, असे फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. पुढे निजामशाही सावरून धरणारा मलिक अंबर हा हबशी, म्हणजे आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला. त्याच निजामशाहीत मालोजी आणि शहाजीराजे भोसले वाढले, आणि १६३० साली शिवाजी महाराजांचा जन्म झाला तो शिवनेरीवर. जुन्नरजवळ हापूसबागेत सौदागर घुमट आजही उभा आहे. नावच बघा, सौदागर. तर 'इस्लामी शहर' म्हणजे ज्याची राजसत्ता काही काळ मुसलमान होती असे शहर. त्यापलीकडे त्या शब्दावर जास्त भार टाकू नये, तो पेलत नाही.

मग जुन्नर एवढे महत्त्वाचे का होते? घाटामुळे. कल्याणच्या बंदरात उतरलेला माल नाणेघाटाने चढून जुन्नरला यायचा आणि तिथून पैठणकडे जायचा. दीड-दोन हजार वर्षे हीच रीत होती. समुद्र आणि पठार यांच्यामधला उंबरठा म्हणजे जुन्नर. महमूद गावान हा बहमनींचा वजीर, त्याने कारभाराची फेररचना केली तेव्हा दौलताबादच्या तरफेतून जुन्नरची वेगळी तरफ काढली. उगाच नाही काढली.

आता आमच्या प्रवासाकडे येतो. दोन हिवाळ्यांपूर्वी आम्ही चार निवृत्त मंडळी निकितीनच्या वाटेने निघालो. जुन्नर ते बीदर. त्याला एक महिना लागला होता. आम्ही सकाळी जुन्नरच्या स्टँडवर एसटीत बसलो. नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर, चाकण. चाकणला काय होते ते तुम्ही रोज भोगता, आम्ही सांगत नाही. साधारण पंच्याण्णव किलोमीटरला दुपार झाली. पुण्याहून रात्रीची गाडी. दौंड, कुर्डुवाडी, सोलापूर करत पहाटे कलबुर्गी, म्हणजे जुने गुलबर्गा. पुण्यापासून हे अंतर सुमारे पावणेचारशे किलोमीटर. म्हणजे गाडीने झोपेत जेवढे अंतर कापले, त्याच्या चौथाईसाठी आमचा अर्धा दिवस गेला होता. चौघांपैकी एक जण म्हणाले, "जुन्नरचा माणूस परगावी जायला निघतो तेव्हा त्याचा खरा प्रवास पुणे स्टेशनपर्यंतचाच असतो." आम्हाला ते पटले.

गुलबर्गा ही बहमनींची पहिली राजधानी, १३४७ पासूनची. किल्ल्यातली जामा मशीद १३६७ ची. एरवी मशिदीला मोकळे अंगण असते, इथे ते नाही, सगळी जागा छताखाली घेतली आहे. आत कमानींमागे कमानी दिसत जातात. गावात ख्वाजा बंदेनवाज यांचा दर्गा आहे, तिथे सर्व धर्मांचे लोक येतात.

दुसऱ्या दिवशी बीदरची गाडी. तिकीट खिडकीवर आम्ही म्हणालो, "बीदर, चार." पैसे दिले, तिकिटे घेतली, झाले. फलाटावर बाकावर बसल्यावर आम्हाला निकितीनचे ते चार दिवस आठवले. त्याला विचारले गेले होते, तुझा धर्म कोणता. आम्हाला विचारले गेले, कुठे जायचे. दोन प्रश्नांमधला हा फरक लहान नाही, मंडळी. तो घडायला शतके लागली आहेत. आणि तो आपोआप घडलेला नाही. इंग्रजी अमदानीत याच रेल्वेच्या फलाटांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' वेगळे मिळत असे. म्हणजे रूळ आले म्हणून माणूस सुधारला, असे नसते. खिडकीवर फक्त 'कुठे जायचे' एवढेच विचारले जावे, हे समाजाला ठरवावे लागते आणि ठरवलेले टिकवावे लागते.

कलबुर्गी ते बीदर हा लोहमार्ग सुमारे एकशे दहा किलोमीटरचा. काळ्या मातीतून निघालेली गाडी हुमनाबादमार्गे तांबड्या पठारावर चढते. बीदरचा दगड आपल्या कोकणातल्या जांभ्याचाच भाऊ. किल्ल्याचा खंदक त्याच दगडात खोदलेला आहे, एकाआड एक तिहेरी. गावात महमूद गावानचा मदरसा आहे, १४७२ चा. त्याचा एक मिनार आणि दर्शनी भागाचा काही हिस्सा शिल्लक आहे, बाकीचा पुढे दारूच्या स्फोटात उडाला. निकितीन बीदरला होता तो याच सुमारास. महमूद गावानला तो 'मलिक-उत-तुज्जार' या किताबाने ओळखतो, म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख. जुन्नरला वाचलेला तो घोडा निकितीनने अखेर बीदरलाच विकला.

आता मुद्द्याचे. हा कलबुर्गी–बीदर लोहमार्ग पूर्ण कधी झाला? २०१७ साली. एकाच राज्याच्या दोन राजधान्या, एकमेकींपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, आणि हिंदुस्थानात रेल्वे आल्यावर एकशे चौसष्ट वर्षांनी त्या रुळाने थेट जोडल्या गेल्या. तोपर्यंत रेल्वेनेच जायचे तर वाडी, विकाराबाद असा मोठा वळसा होता. असे का व्हावे?

कारण रेल्वे टाकणाऱ्यांना गुलबर्ग्याहून बीदरला कोणालाच न्यायचे नव्हते. जी. आय. पी. रेल्वेची पहिली गाडी १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला गेली. पुढे तिला दोन कामे होती. एक, वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबई बंदरात आणायचा आणि तिथून मँचेस्टरला धाडायचा. दोन, फौज लवकर हलवायची आणि मुंबई, मद्रास, कलकत्ता ही तीन इलाख्यांची शहरे जोडायची. मुंबई–मद्रास मार्ग १८७१ मध्ये पुरा झाला, त्या सरळ रेषेत गुलबर्गा आले. ते आले म्हणून त्याला स्टेशन मिळाले, बहमनींची राजधानी होती म्हणून नव्हे. बीदर रेषेबाहेर राहिले. निजाम सरकारने वाडीहून सिकंदराबादला फाटा नेला तो १८७४ साली, कारण हैदराबाद मुंबईशी जोडायचे होते. अहमदनगर आले दौंड–मनमाड मार्गावर, १८७८ साली. तो मार्ग मुळात जी. आय. पी.च्या दोन शाखा एकमेकींना जोडण्यासाठी होता. विजापूर आले सोलापूरजवळच्या होटगीहून गदगकडे जाणाऱ्या मीटरगेजवर. दौलताबाद आणि औरंगाबाद आले मनमाडहून हैदराबादला जाणाऱ्या निजामाच्या मीटरगेजवर, विसाव्या शतकाच्या तोंडाशी. बुऱ्हाणपूर आले भुसावळ–खांडवा मार्गावर.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. ही सगळी शहरे पूर्वी एकमेकांना जोडलेली होती. फौजा, फकीर, घोडे, सुफी, कारागीर, पळून आलेले सरदार यांची त्यांच्यामध्ये सतत ये-जा होती. रेल्वेने त्यातल्या बहुतेकांना स्टेशन दिले, पण एकमेकांशी नव्हे, मुंबईशी जोडून दिले. म्हणून आज नगरहून विजापूरला जायचे तर दौंड, सोलापूर, होटगी अशी जंक्शने मोजत जावे लागते. ज्यांना ही सहल करायची आहे त्यांनी दौंड, मनमाड, होटगी, वाडी आणि विकाराबाद ही पाच नावे पाठ करावीत. दख्खनच्या राजधान्यांच्या किल्ल्या आज या पाच फलाटांवर टांगलेल्या आहेत.

आणि जुन्नर? जुन्नरची गोष्ट जास्त चुटपुट लावणारी आहे. मुंबईहून पठारावर चढायचे तर सह्याद्री आडवा येतो. अगदी सुरुवातीच्या आराखड्यांत गाडी माळशेज घाटाने वर आणायचा विचार होता. एकाच घाटाने वर यायचे आणि वर आल्यावर एक फाटा ईशान्येला आणि दुसरा आग्नेयेला न्यायचा, अशी ती कल्पना. माळशेज म्हणजे आपल्या जुन्नर तालुक्याचे दार. तसे झाले असते तर देशातले एक मोठे जंक्शन आपल्या परिसरात कुठेतरी असते. पण मुख्य अभियंता जेम्स बर्कले याने पाहण्या केल्या आणि माळशेज सोडून दोन वेगळे घाट निवडले. दक्षिणेला बोरघाट, उत्तरेला थळघाट. तिथेही चढ सदतिसाला एक असाच ठेवावा लागला, हजारो मजूर राबले, त्यातले कितीतरी तिथेच मेले. बोरघाट १८६३ मध्ये खुला झाला, थळघाट १८६५ मध्ये. दोन्ही घाटांच्या बरोबर मध्ये नाणेघाट आणि माळशेज राहिले. कल्याणहून निघालेला माल डावीकडे नाशिकला वळला नाहीतर उजवीकडे पुण्याला. दोन हजार वर्षांचा उंबरठा एका पाहणीनंतर आडबाजूला पडला. जुन्नरचा यात काहीही दोष नव्हता.

आम्ही वर्गात साधन आणि साध्य शिकवायचो तेव्हा मुले म्हणायची, सर, साधन तटस्थ असते, सुरीने भाजीही चिरता येते. आम्हीही पुष्कळ वर्षे तसेच मानत होतो. पण रस्ता सुरीसारखा नसतो. सुरी आपण ठेवून देतो आणि उद्या दुसऱ्या कामाला घेतो. रस्त्यावर मात्र ज्याने तो आखला त्याचा हेतू जमिनीत कोरला जातो. साहेब गेला, मँचेस्टरला जाणारा कापूस थांबला, पण आपण आजही त्या कापसाच्या वाटेनेच गुलबर्ग्याला जातो. आखणाऱ्याचे साध्य संपले तरी त्याचे साधन पुढच्या दीडशे वर्षांच्या माणसांना वळवत राहते. म्हणून 'कोणासाठी' हा प्रश्न रस्ता झाल्यावर विचारून उपयोग नसतो, तो आखणीच्या वेळीच विचारायचा असतो.

आणि आखणीची वेळ आपल्या दारात आहे. पुणे–नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा सुमारे दोनशे पस्तीस किलोमीटरचा मार्ग आखला गेला तेव्हा त्यात मंचर, नारायणगाव, आळेफाटा ही स्थानके होती. मोजण्या झाल्या. ज्यांच्या बांधावर मोजणीचे दगड पडले असे लोक आज इथे बसलेले आहेत, आम्ही त्यांना ओळखतो. मग खोडदच्या महादुर्बिणीचा प्रश्न आला. जीएमआरटीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी टिपतात, आणि विजेवरच्या गाडीमुळे होणारा रेडिओ गोंगाट त्यांना चालत नाही. त्यामुळे मूळ मार्ग अडला आणि शिर्डीकडून जाणारा पर्याय पुढे आला. जुना मार्गच हवा, अशी इथल्या लोकांची मागणी आहे.

यातली एक गोष्ट आपण लक्षात घ्यावी. दुर्बीण इथे का आली? इतर कारणांबरोबर एक कारण हे की हा भाग गोंगाटापासून दूर होता. मोठे कारखाने नव्हते, रेल्वे नव्हती. म्हणजे १८५० च्या दशकात बर्कलेने माळशेज सोडला, त्यातून उरलेल्या शांततेवर ही दुर्बीण उभी राहिली, आणि आता तीच शांतता रेल्वेच्या आड येते आहे. यात कोणी खलनायक नाही. ताऱ्यांचे ऐकणारे खरे आहेत आणि टोमॅटोचे क्रेट नारायणगावहून वेळेत बाजारात पोचावेत म्हणणारे शेतकरीही खरे आहेत. ज्याची दोन एकर बागायत जाणार, तोही खराच आहे.

आम्ही कोणाच्या बाजूने, असे विचाराल. आम्हाला गाडी हवी आहे, हे लपवत नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला दवाखान्यासाठी चाकणच्या कोंडीत दोन तास बसणे म्हणजे काय, ते आम्हाला ठाऊक आहे. पण गाडी हवी म्हणणाऱ्यानेही विचारले पाहिजे: ती मंचरला थांबणार की मंचरवरून जाणार? तिच्यात कांदा, भाजीपाला, विद्यार्थी आणि पेशंट बसणार, की फक्त दोन टोकांच्या शहरांतले लोक? ज्या तालुक्याचे नाव धारण करणारे आंबेगावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले, त्या तालुक्याला हा प्रश्न शिकवायची गरज नाही. फक्त तो वेळेवर आणि मोठ्याने विचारायची गरज आहे.

शेवटी निकितीनकडे परत जाऊ. बीदरला राहता राहता त्याचे सणवार चुकले. धर्मग्रंथ वाटेतच लुटले गेले होते, ईस्टर कधी येतो ते त्याला मोजता येईना. तो अंदाजाने उपास करी, मुसलमानांच्या रोज्यांबरोबरही त्याने उपास धरला. त्याच्या प्रार्थनांत रशियनबरोबर अरबी, फारसी, तुर्की शब्द मिसळले. खरा धर्म कोणता ते देवच जाणे, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले आहे. जुन्नरला धमकी देऊन जे झाले नाही, ते रस्त्याने हळूहळू केले. त्याने धर्म सोडला नाही, पण दुसऱ्याच्या धर्माकडे बघायची त्याची नजर बदलली. घरी पोचण्याआधीच, स्मोलेन्स्कजवळ, तो वारला. वही मात्र पोचली.

तेव्हा मंडळी, जमले तर जाऊन या. आधी एक दिवस जुन्नर नीट बघा. शिवनेरी बघा, सौदागर घुमट बघा, नाणेघाटाच्या तोंडाशी उभे राहून खाली कोकण बघा. मग एसटीने पुणे, रात्रीच्या गाडीने कलबुर्गी, तिथून बीदर. वेळ असेल तर परतताना सोलापूरला उतरून विजापूर. चार-पाच दिवस पुरतात. आणि गाडी ज्या ज्या जंक्शनला उभी राहील, तिथे खिडकीबाहेर बघून मनाशी एकदा विचारा, हे जंक्शन इथेच का?

आता तुमचे प्रश्न घेऊ. ज्यांच्या जमिनीची मोजणी झाली आहे, त्यांनी आधी बोलावे.